हे पान कोणत्या भाषेत आहे?

'सूचना' हा शब्द कोणत्या भाषेतला? देवणीत कुणालाही विचारा, तो हसेल. मराठीतला, आणखी कुठला! नगरपंचायतीच्या फलकावर तर तो कायमच असतो. पण हाच शब्द काना-मात्रेचा फरक न होता हिंदीत आहे, नेपाळीत आहे, आणि संस्कृतात तर मुळातच आहे. माणसाला हा पेच पडत नाही, कारण फलक वाचण्याआधी त्याने गाव पाहिलेले असते. संगणकाला गाव दिसत नाही. त्याला दिसतात पाच आकडे: 2360, 2370, 2330, 2344, 2366. स, दीर्घ उकार, च, न, काना. युनिकोडच्या कोष्टकातले हे त्यांचे क्रमांक. या पाच आकड्यांवरून भाषा सांगा म्हटले तर जगातला सर्वांत हुशार प्रोग्रामही हात टेकेल.

आणि तरीही दिवसाकाठी असंख्य वेळा हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तरही दिले जाते.

वर्तमानपत्र असो, सरकारी कार्यालय असो की महाविद्यालय, वेबसाइट चालवणाऱ्या बहुतेकांकडे आज 'कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टीम' असते. बोलताना सगळे तिला सीएमएस म्हणतात. वर्डप्रेस, जुमला, ड्रुपल ही त्यातली जगभर चालणारी नावे. तिच्या पोटात असतात नोंदी. एक बातमी ही एक नोंद, एक निविदा ही एक नोंद, देवणी जातीच्या वळूचा फोटो हीसुद्धा एक नोंद. प्रत्येक नोंदीला शीर्षक असते, तारीख असते, लिहिणाऱ्याचे नाव असते आणि भाषा असते. तारीख संगणकाच्या घड्याळातून येते, नाव लॉगिनवरून कळते. भाषा कुठून आणायची? हा रकाना इतका किरकोळ वाटतो की बरेच जण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

त्याने बिघडते काय, असे कुणी विचारील. अक्षरे तर समोर दिसतातच आहेत! पण ती कशी दिसतात हेही त्या रकान्यावर ठरते. मराठीचा पाकळ्यांचा 'ल' आणि हिंदीचा दांडीचा 'ल' यांचा युनिकोड क्रमांक एकच, 2354. मराठीचा देठाचा 'श' आणि हिंदीचा शेंडीफोड्या 'श' यांचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठी अक्षरांची वळणे ठरवून दिली, आणि 2022 मध्ये सुधारित निर्णय काढून पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श'च वापरावा असे पुन्हा बजावले. काही चांगल्या फॉन्टमध्ये ही दोन्ही वळणे भरलेली असतात. कोणते काढायचे हे फॉन्ट पानाच्या भाषेवरून ठरवतो. लेबल 'मराठी' असेल तर पाकळ्या येतात, 'हिंदी' असेल तर दांडी येते. मजकुरातले एकही अक्षर बदललेले नसते.

अंध वाचकासाठी तर हा रकाना म्हणजे पानाचा गळा. पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर भाषेचे लेबल पाहून आवाज निवडते. मराठी मजकुरावर हिंदीचे लेबल असले की 'ज्ञान' चे 'ग्यान' होते, 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च एकसारखे ऐकू येतात, आणि '25 तारखेपर्यंत अर्ज करावेत' या वाक्यात मध्येच 'पच्चीस' उमटते. लेबल इंग्रजीचे असेल तर अशी काही सॉफ्टवेअर देवनागरी मजकूर चक्क गाळून पुढे जातात. पान आहे, अक्षरे आहेत, ऐकणाऱ्यासाठी मात्र कोरा कागद.

शोधाचेही तेच. 'देवणी' शोधणाऱ्याला 'देवणीच्या', 'देवणीला', 'देवणीहून' हे सगळे सापडायला हवे. त्यासाठी शब्दाचे शेपूट कापावे लागते, आणि कोणते शेपूट कापायचे हे भाषा कळल्याशिवाय कळत नाही. यादी अकारविल्हे लावायची तरी हाच प्रश्न. युनिकोडच्या कोष्टकात 'ळ' बसला आहे 'ल'च्या लगेच पुढे, 2355 वर. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्याही नंतर येतो. पान मराठी आहे हे माहीत नसलेला संगणक यादी लावताना 'ळ' भलत्याच जागी नेऊन ठेवील.

आता मूळ प्रश्नाकडे. यंत्र भाषा ओळखते कसे?

पहिली पायरी सोपी वाटते: लिपी पाहा. युनिकोडमध्ये देवनागरीची वसाहत 2304 ते 2431 अशी 128 घरांची. तेलुगूची 3072 पासून, कन्नडची 3200 पासून. मजकुरातले आकडे कुठल्या वसाहतीतले आहेत ते पाहिले की लिपी कळली. देवणी तालुका लातूर जिल्ह्याच्या कडेचा, पलीकडे कर्नाटकातला बिदर जिल्हा. इथल्या आठवडी बाजारात मराठी, कन्नड, उर्दू कानावर पडतात आणि तेलुगूचा मुलूखही फार दूर नाही. चार भाषा, चार लिप्या. यंत्राला यापेक्षा सोयीचे गाव मिळणार नाही, असे वाटते.

इथे जरा थांबून एक गंमत पाहू. भारतीय लिप्यांच्या या वसाहती एकाच आराखड्यावर बांधल्या आहेत, आणि तो आराखडा आला आहे इस्की या भारतीय मानकाच्या 1988 च्या आवृत्तीतून. प्रत्येक वसाहतीत 'द' त्याच क्रमांकाच्या घरात, 'ण' त्याच घरात, 'ळ'ही त्याच घरात. देवनागरी आणि कन्नड यांच्यातले अंतर बरोबर 896. म्हणजे 'देवणी' या शब्दाच्या प्रत्येक आकड्यात 896 मिळवा, शब्द कन्नड लिपीत उमटतो. शेवटच्या वेलांटीची ऱ्हस्व-दीर्घाची कुरबूर सोडली तर बिदरचा माणूस तो सहज वाचील. ज्या सीमेवरून इतके मोर्चे निघाले, इतके खटले झाले, ती सीमा युनिकोडमध्ये एका बेरजेची आहे.

पण लिपी म्हणजे भाषा नव्हे, आणि खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते. देवनागरीच्या त्या 128 घरांत मराठी राहते, हिंदी राहते, नेपाळी, कोकणी, संस्कृत, मैथिली, डोगरी, बोडो, सगळ्या राहतात. यांच्यातून मराठी कशी निवडायची?

काही खुणा उघड आहेत. 'ळ' दिसला की मजकूर प्रमाण हिंदीतला असण्याची शक्यता जवळजवळ संपते. 'वाऱ्यावर', 'दऱ्या' यांतला पापणीसारखा अर्धा र दिसला की मराठीचा संशय बळावतो, जरी तो नेपाळीतही भेटतो. 'ॲ' हे अक्षर दिसले तर आणखी. (या 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले ते 2008 साली. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवून काम भागवत, आणि अजूनही अनेक कीबोर्ड तसेच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द.) उलट, खाली नुक्ता असलेले 'ड' आणि 'ढ' दिसले की पारडे हिंदीकडे झुकते.

हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात जाणता माणूस जनावराची जात ओळखतो ती अशीच. तोंडावर काळे असलेला वानेरा, पांढराशुभ्र बाळंक्या, अंगावर काळे ठिपके वागवणारा शेवरा. तिन्ही देवणीच, पण नजर एका खुणेवर थांबत नाही. कान, कपाळ, वशिंड, चाल, सगळे मिळून त्याच्या मनात एकच निकाल होतो, आणि कारण विचारले तर त्याला ते धड सांगताही येत नाही.

यंत्राला मात्र कारण आकड्यांत सांगावे लागते, आणि ते कसे सांगायचे याची वाट 1913 साली एका रशियन गणितज्ञाने दाखवली. आंद्रेई मार्कोव्हने पुश्किनची 'येव्गेनी अनेगिन' ही काव्यकादंबरी घेतली आणि तिच्यातली पहिली 20,000 अक्षरे मोजली. अर्थ नाही, रस नाही, नुसते स्वर आणि व्यंजने. स्वर भरले 8,638. मग त्याने पाहिले की स्वरानंतर पुन्हा स्वर किती वेळा येतो आणि व्यंजनानंतर स्वर किती वेळा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. म्हणजे मागचे अक्षर पुढच्या अक्षराबद्दल काहीतरी सांगून जाते, आणि ते किती सांगते हे मोजता येते. कवितेची अशी मोजदाद करणाऱ्याला तेव्हाच्या रसिकांनी काय म्हटले असेल याची कल्पना करवत नाही. पण आज तुमच्या फोनवर पुढचा शब्द सुचवला जातो त्याच्या वंशावळीत हा माणूस वर बसलेला आहे.

पुढे 1994 मध्ये विल्यम कॅव्हनार आणि जॉन ट्रेंकल या दोघांनी हीच कल्पना भाषा ओळखायला लावली. त्यांची रीत इतकी सोपी की शाळकरी पोराला कागद-पेन्सिल घेऊन करता यावी. एका भाषेतला भरपूर मजकूर घ्या. त्याचे एक ते पाच अक्षरांचे तुकडे पाडा. कोणता तुकडा सर्वांत जास्त वेळा येतो, कोणता त्याखालोखाल, अशी क्रमवारी लावा आणि वरचे तीन-चारशे ठेवा. मराठीची यादी केली तर वर काय येईल ते वाचकालाही सांगता येईल: 'च्या', 'ण्या', 'आहे', 'ांच', 'णि'. हिंदीच्या यादीत 'है', 'में', 'ों', 'के'. आता अनोळखी मजकूर आला की त्याचीही तशीच यादी करायची आणि कोणत्या भाषेच्या यादीशी तिची क्रमवारी सर्वांत कमी विस्कटते ते पाहायचे. बस्स. आठ भाषांतल्या 3,478 मजकुरांवर त्यांनी हा प्रयोग केला आणि 99.8 टक्के वेळा उत्तर बरोबर आले. या यंत्राला एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. व्याकरण नाही, शब्दकोश नाही. नुसत्या तुकड्यांच्या सवयी.

इतकी खात्री एवढ्याशा पुराव्यावर कशी येते? गुणाकाराने. समजा एक शब्द पाहिल्यावर मजकूर मराठी असण्याची शक्यता हिंदीच्या तिप्पट वाटली. तिप्पट म्हणजे काही फार नव्हे, त्यावर कुणी पैज लावणार नाही. पण तसेच पाच शब्द ओळीने आले तर तीन गुणिले तीन गुणिले तीन करत पारडे 243 पट झुकते. दहा शब्दांत ते 59,049 पट होते. एका वाक्यात यंत्र संशयातून खात्रीपर्यंत पोचते. फेसबुकच्या संशोधकांनी मोफत खुला केलेला 'फास्टटेक्स्ट' नावाचा ओळखणारा प्रोग्राम 176 भाषा ओळखतो, त्यांत मराठी आहे आणि गोव्याची कोकणीही आहे. त्याची दाबून लहान केलेली फाइल एक एमबीहूनही कमी भरते. फोनवर काढलेला एखादा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

मग अडते कुठे?

अडते ते पहिल्यांदा लांबीवर. गुणाकाराला खाद्य लागते, आणि सीएमएसमधल्या निम्म्या गोष्टी उपाशी असतात. 'सूचना'. 'निविदा'. 'भारत सरकार'. शीर्षक दोन शब्दांचे, आत एक तक्ता, तक्त्यात नावे आणि आकडे. 'बाजार का बंद' एवढेच शीर्षक आले तर मराठी माणूस कारण विचारतो आहे असे समजायचे, की हिंदी माणूस बाजाराच्या बंदबद्दल बोलतो आहे? 'का' आणि 'तो' हे दोन्ही भाषांतले रोजचे शब्द, कामे मात्र पूर्ण निराळी.

दुसरी अडचण आपल्या जुन्या पापांची. युनिकोड रुळण्याआधी मराठवाड्यातल्या डीटीपी सेंटरांत जे टाइप झाले ते कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांत. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द पडद्यावर झकास दिसतो, पण फाइलच्या पोटात असतात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे. फॉन्ट काढून घेतला की उरतो निव्वळ अगडबंब गोंधळ. यंत्र या मजकुराला कोणती भाषा म्हणेल? कोणतीही म्हणू शकते, फक्त मराठी म्हणणार नाही. जुने अंक, जुनी परिपत्रके, शाळांच्या स्मरणिका अशा कितीतरी फाइली या वेशात पडून आहेत.

तिसरी अडचण रोमन लिपीत टाइप केलेल्या मराठीची. 'अरे' लिहायला जी तीन रोमन अक्षरे लागतात तीच इंग्रजी 'आर'ची. 'तो' आणि इंग्रजी 'टू' एकच, 'हे' आणि इंग्रजी 'ही' एकच, 'मन' आणि 'मॅन' एकच. आणि चौथी अडचण सर्वांत साधी: कागद टाइप करण्याऐवजी शिक्का-सहीसकट स्कॅन करून चढवलेली पीडीएफ. तिच्यात अक्षरे नसतातच, अक्षरांचे चित्र असते. अगोदर चित्रातून अक्षरे वाचावी लागतील, मग भाषेचा प्रश्न.

पण मला सर्वांत गंभीर वाटते ती पाचवी. यंत्र फक्त आपल्या यादीतल्या भाषा ओळखते. लातूर आणि नांदेडमध्ये बंजारा समाजाचे तांडे आहेत आणि त्यांची गोरमाटी, म्हणजे लंबाडी, ही जिवंत बोली आहे. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, कर्नाटकात कन्नड लिपीत, तेलंगणात तेलुगू लिपीत. लिपी पाहून ढीग करणारे यंत्र एकाच भाषेचे तीन ढीग करील. अक्षरांचे तुकडे मोजणाऱ्या यंत्राचीही हीच गत, कारण वर सांगितलेल्या 176 भाषांच्या यादीत लंबाडी नाही. यंत्राला 'ही भाषा मला ठाऊक नाही' म्हणायला शिकवलेले नसेल तर ते तिला यादीतली जवळची भाषा ठरवून मोकळे होते, आणि वर खात्रीचा आकडाही देते.

यंत्रालाच कशाला बोल लावा? 2011 च्या जनगणनेत भारतीयांनी आपली मातृभाषा म्हणून जी नावे सांगितली त्यांची कच्ची यादी 19,569 नावांची झाली. छाननी करून, एकाच भाषेची वेगवेगळी नावे एकत्र आणून, त्यातून 1,369 मातृभाषा निश्चित केल्या गेल्या. दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या भाषा राहिल्या 121. त्या वर्गवारीत लंबाडी हिंदीच्या पोटात धरलेली आहे. तांड्यावरच्या बाईने प्रगणकाला सांगितलेले नाव आणि छापील कोष्टकातली भाषा यांच्यामध्ये एक निर्णय उभा आहे, आणि तो तिने घेतलेला नाही.

भाषा ठरवणे हा शोध जितका, तितकाच निर्णय असतो. देवणीच्या परिसराला हे नव्याने सांगायला नको. निजामाच्या हैदराबाद संस्थानात हा भाग बिदर जिल्ह्यात होता, उदगीर तालुक्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यरचना झाली आणि बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे गेले. नारायणखेड आणि जहिराबाद आंध्राकडे. तेही सरसकट नव्हे. जहिराबादमधून निर्णा सर्कल वगळले, बिदर तालुक्यातून न्याळकल सर्कल तेवढे काढून आंध्राला दिले. कायद्यात ही वाटणी सर्कलच्या नावानिशी लिहिलेली आहे.

हा तपशील वाचताना सीएमएसचे काम करणारा माणूस चमकेल. कारण त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो: एकक कोणते धरायचे? राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 च्या अहवालात शक्यतो जिल्हा न मोडण्याकडे कल ठेवला, आणि एका भाषेचे लोक साधारण 70 टक्के असतील तरच राज्य एकभाषिक मानावे असे सुचवले. महाराष्ट्राने सीमाप्रश्नात धरलेला आग्रह वेगळा: खेडे हा घटक माना. त्या भूमिकेवरून राज्याने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि डिसेंबर 2022 मध्ये विधिमंडळाने 865 गावांवर हक्क सांगणारा ठराव केला. जिल्हा धरला तर एक नकाशा निघतो, तालुका धरला तर दुसरा, खेडे धरले तर तिसरा. माणसे तीच, बोलणे तेच.

सीएमएसमध्येही अगदी हेच घडते. विकिपीडियाने मोठे एकक धरले: 1 मे 2003 ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया म्हणजे मराठीचे स्वतंत्र राज्यच. वर्डप्रेसचा गाभा अजूनही साऱ्या साइटला एकच भाषा मानतो. प्रत्येक लेखाला वेगळी भाषा द्यायची तर वरून एखादे प्लगइन बसवावे लागते. जुमलाने 2011 च्या 1.6 आवृत्तीत लेख हे एकक धरले आणि 'सर्व भाषा' असाही पर्याय ठेवला. ड्रुपलने 2015 च्या आठव्या आवृत्तीत प्रत्येक नोंदीला भाषेचा रकाना गाभ्यातच दिला. आणि वेबच्या सुगम्यतेचे जागतिक नियम खेड्यापर्यंत उतरतात. त्यांची पहिली पायरी सांगते की अख्ख्या पानाची भाषा जाहीर करा. त्यावरची पायरी सांगते की पानात मध्येच दुसऱ्या भाषेतला उतारा असेल तर त्या उताऱ्याचीही करा. मराठी लेखात बसवण्णांचे कन्नड वचन आले तर तेवढ्या ओळींवर 'कन्नड' लिहा, म्हणजे वाचणारा आवाज तेवढ्यापुरता बदलेल.

न्यायनिवाड्याच्या दृष्टीने मला सर्वांत आवडतात ते भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले तीन विचित्र कोड. मराठीचा कोड 'एमआर', कन्नडचा 'केएन', उर्दूचा 'यूआर', हे ठीकच. पण याच कुटुंबात 'यूएनडी' आहे, म्हणजे भाषा ठरलेली नाही. 'एमयूएल' आहे, म्हणजे एकाहून जास्त भाषा. आणि 'झेडएक्सएक्स' आहे, म्हणजे इथे भाषाच नाही. बाळंक्या बैलाचा निव्वळ फोटो या शेवटच्या खान्यात जातो. त्याच्याखाली ओळ लिहिली की ती ओळ मराठी होते, फोटो नाही. ठाऊक नाही, मिश्र आहे, आणि मुळात नाहीच, या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे यादी करणाऱ्यांना सुचले याचे मला फार कौतुक वाटते. जनगणनेच्या तक्त्यांत आणि राज्यांच्या नकाशात एवढी सोय कुठे होती?

लिपीचीही सोय आहे. मराठीच्या कोडला लिपीचा कोड जोडता येतो, त्यामुळे मोडीतला जुना कागद 'मराठी, मोडी' असा नोंदवता येतो. मोडीला युनिकोडमध्ये 2014 पासून स्वतःची घरे आहेत. देवनागरीसाठी मात्र जोड द्यायची गरज नाही, कारण मराठी म्हटले की देवनागरी हे अधिकृत नोंदवहीत गृहीतच धरले आहे.

तर शेवटी ठरवायचे कुणी? सीएमएस सहसा वशिल्याच्या उतरंडीने चालते. लेखकाने भाषा निवडली असेल तर ती. नसेल तर ज्या विभागात लेख टाकला त्याची. तेही नसेल तर साइटची ठरलेली भाषा, आणि ती बसवणाऱ्याने बदलली नसेल तर बहुधा इंग्रजी. इथेच चुका पिकतात: साइटचे बटण-मेनू इंग्रजीत ठेवून काम करणाऱ्या कारकुनाच्या मराठी नोटिसा निमूटपणे 'इंग्रजी' म्हणून नोंदल्या जातात. काम करणाऱ्याच्या पडद्याची भाषा, मजकुराची भाषा आणि वाचकाची भाषा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि चांगली सीएमएस त्या वेगळ्या ठेवते. माझे मत विचाराल तर निर्णय लिहिणाऱ्याचाच असावा. त्याला गाव माहीत असते. यंत्राने फक्त टोकावे: 'तुम्ही इंग्रजी निवडले आहे, पण यात 'आहे' आणि 'च्या' फार दिसतात, एकदा बघता का?' तेवढ्यासाठी ते 99.8 टक्के हुशार असले तरी पुरे.

म्हणून ज्यांच्या हातून गावोगावच्या साइटवर नोटिसा चढतात त्यांना विनंती आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, नुसता स्कॅन टाकू नका, आणि 'भाषा' हा रकाना सोडून पुढे जाऊ नका. वाचकांनी करायचे काम त्याहून सोपे आहे. फोनच्या सेटिंगमध्ये भाषांची यादी असते. तिच्यात मराठी सर्वांत वर आणा. ब्राउझर प्रत्येक पान मागताना ही यादी सोबत पाठवतो आणि अनेक साइट तिच्यावरूनच कोणत्या भाषेतले पान द्यायचे ते ठरवतात. यादीत मराठी नसेल तर मराठी पान तयार असूनही तुमच्यापुढे इंग्रजीच येते.